अंधार फेकता येत नाही

घणसोली गाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



मघाशी व्याख्यान सुरू व्हायच्या आधी इथली दोन मुलं प्रोजेक्टर लावत होती. टेबल बुटकं आणि पडदा उंच, म्हणून एकाने प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली वही सरकवली. चित्र वर चढलं, पण त्याचा काटकोन बिघडला. तो मागे वळून मित्राला म्हणाला, "अरे, चित्र वर फाकतंय." मित्राने रिमोटवरचं एक बटण चार-पाच वेळा दाबलं आणि चित्र सरळ झालं. त्या बटणाला इंग्रजीत 'कीस्टोन' म्हणतात. दगडी कमानीच्या माथ्यावर मधोमध एक दगड बसवलेला असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. तो कीस्टोन. प्रोजेक्टर वर तोंड करून ठेवला की चित्राचा आकार त्या दगडासारखा होतो, म्हणून तिकडच्या कारागिरांनी दोषाला दगडाचं नाव दिलं.

आपल्या या मुलांनी दगडी कमान बांधताना कुणाला पाहिलेलं नाही. पण दोष त्यांच्या नजरेला बरोबर दिसला, आणि 'फाकतंय' या एका क्रियापदात तो पुरता मावला. त्याच मुलांनी शाळेत समलंब चौकोन काढलेला आहे. दोन बाजू समांतर, दोन तिरक्या. म्हणजे बोलीतला शब्द त्यांच्याकडे होता, शास्त्रातलाही होता. त्या बटणाशी दोन्हींची गाठ घालून द्यायला मात्र आजवर कुणी आलं नव्हतं. माझं आजचं व्याख्यान त्या गाठीविषयी आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते विज्ञान मराठीतून शिकवत. त्यांना शोभेल असा विषय मी शोधत होतो. मी स्वतः कल्याणचा. तरुणपणी टीव्ही दुरुस्त करायला शिकलो, पुढे प्रोजेक्टर उघडले, आणि उतारवयात तंत्रज्ञांच्या शिकवणीची पुस्तकं मराठीत आणायचं काम केलं. त्यामुळे पडद्याचे शब्द मला आधी हाताने कळले आणि नंतर कागदावर भेटले.

यातला मला सर्वांत प्रिय शब्द आधी सांगतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. छपराछपरावर अँटेना उभे राहिले. इथे समोर बसलेल्या आजोबांनी आणि काकांनी कधी ना कधी छपरावर चढून अँटेना फिरवला असणार. खाली घरात टीव्हीपुढे एक जण, वर दुसरा. वरून हाक यायची, "आलं का?" आणि खालून उत्तर, "नाही, मुंग्या आल्या!" मुंग्या! इंग्रजीत याच दोषाला 'स्नो' म्हणतात, बर्फ. आपल्याकडे बर्फ पडत नाही. आपण पडद्यावरची ती वळवळ पाहिली आणि आपल्याला वारूळ आठवलं. पाय अवघडला की त्याला मुंग्या येतात, हेही आपल्या भाषेत होतंच. कोणतीही समिती बसली नाही, पत्रक निघालं नाही, तरी साऱ्या महाराष्ट्राने हा शब्द एकमुखाने उचलला. मला तर हा शब्द इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. बर्फ वरून खाली पडतो. पडद्यावरचे ते काळे-पांढरे ठिपके पडत नाहीत. ते जागच्या जागी वळवळतात, मुंग्यांसारखे.

त्या मुंग्या येतात कुठून? मनोऱ्याकडून येणारा संदेश क्षीण झाला की टीव्हीतला यांत्रिक कान स्वतःला ताणतो. आवाज ऐकू येत नसेल तर आपण कानामागे हात धरतो, तसं. मग जे काही येईल ते तो मोठं करून दाखवतो. आतल्या भागांमधली विजेची कुजबुज, शेजारच्या मोटारीची ठिणगी, सगळं. आणि त्यातला अगदी थोडा अंश विश्वाच्या आरंभापासून आकाशात भरून राहिलेल्या किरणांचा असतो. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन या दोघा शास्त्रज्ञांनी त्या किरणांचा शोध जगापुढे मांडला आणि पुढे त्यांना नोबेल मिळालं. ज्या मुंग्यांना वैतागून आपण टीव्हीच्या डोक्यावर थाप मारत होतो, त्यांतली एखादी मुंगी विश्वाच्या जन्मकाळची होती.

त्याच दूरदर्शनने दुसऱ्या टोकाचाही एक शब्द घरोघर नेला. प्रक्षेपण तुटलं की पडद्यावर पाटी यायची : व्यत्यय. संस्कृतातला, जोडाक्षरांचा, तोवर पोथी-पुस्तकात राहिलेला शब्द. चार-पाच वर्षांची मुलंही "व्यत्यय आला" म्हणू लागली. का? कारण शब्द आणि घडलेली गोष्ट एकाच क्षणी समोर येत होती. कार्यक्रम थांबला, पाटी आली. अर्थ वेगळा सांगावाच लागला नाही. मुंग्या हा शब्द रानातून आला, व्यत्यय पोथीतून, आणि दोन्ही जगले.

मग जो जगला नाही असा एक शब्द सांगतो, आणि तो माझ्या गावचा असल्यामुळे थोड्या हळव्या मनाने सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली दृश्यं, मागे दिवा, पुढे भिंग, समोर पांढरा पडदा आणि जोडीला निवेदन. भिंगातून गेलेलं चित्र उलटतं, म्हणून काच दिव्यापुढे उलटी धरावी लागते. राम डोक्यावर उभा करावा तेव्हा पडद्यावर तो पायांवर उभा दिसतो. या खेळाला त्यांनी नाव दिलं 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा पुराणातला मायावी असुर. त्याच्यावरून शांबरिक म्हणजे मायेचा, जादूचा. आणि खरोलिका म्हणजे दिवा. मॅजिक लँटर्न या जोडनावाचा घडीव संस्कृत अवतार. शब्द विद्वत्तेचा आहे, डौलदार आहे, आणि त्यामागे मोठा स्वाभिमान आहे. आपल्याच माणसांनी, आपल्याच कथांसाठी, यंत्राला आपलं नाव दिलं. तेही ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने हलती चित्रं दाखवली त्याच्या आधी. आज तो शब्द अभ्यासकांच्या लेखांत आणि संग्रहालयांत भेटतो. कल्याणच्या बाजारात उभं राहून विचारलं तर कुणाला सांगता येणार नाही, याचं मला वाईट वाटतं. खेळ पाहणाऱ्याला माया दिसली, दिवा दिसला, पण त्या दोन अक्षरसमूहांत ना त्याच्या ओळखीची माया होती ना त्याच्या घरातला दिवा.

पडद्यामागे दिवा ठेवून कथा सांगणं आपल्याला नवं नव्हतंच. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या ताणलेल्या कापडामागे नाचवतात, आणि मागच्या दिव्यामुळे छाया पुढे बसलेल्यांना दिसते. आज मोठ्या सभागृहात पडद्यामागून प्रोजेक्टर लावतात त्याचं तत्त्व हेच. तेच कलावंत चित्रकथीही सांगतात, एकेक चित्र पुढे धरून. आणि चित्रपट हा आपला शब्दही त्या जुन्या जगातला आहे. पट म्हणजे कापड, चित्रपट म्हणजे चित्र असलेलं कापड. सिनेमासाठी तो रुळवण्याचं, तसंच बोलपट, दिग्दर्शक असे शब्द देण्याचं श्रेय सावरकरांना दिलं जातं. इथे क्षणभर थांबू या. इंग्रजांनी या कलेला 'फिल्म' म्हटलं. फिल्म म्हणजे पातळ पापुद्रा, यंत्रात फिरणारी पट्टी. त्यांनी यंत्रामागे उभं राहून नाव ठेवलं. आपण प्रेक्षकांत बसून ठेवलं, समोरच्या कापडावरून. २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत चित्रपटगृहांतून रिळं गेली, हार्ड डिस्क आली, आणि त्यांच्या 'फिल्म'मधला पापुद्रा नाहीसा झाला. आपला पट अजून भिंतीवर होता. शब्द कुठे बसून घडवला, यावर त्याचं आयुष्य ठरतं असं मला तेव्हापासून वाटतं.

आता यंत्रामागचे शब्द. जत्रेतला तंबू तुमच्यातल्या कित्येकांनी पाहिला असेल. सातारा-पुण्याकडच्या जत्रांतून ट्रकवर प्रोजेक्टर लादून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्या तंबूतल्या ऑपरेटरची भाषा ऐकण्यासारखी होती. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटवायची. त्यांना नाव 'काडी'. "काडी संपत आली", "काडी जवळ घे", "काडी लांब गेली, पडदा पिवळा पडला". काडी जळत जाते, अंतर वाढतं, उजेड ढळतो. म्हणून ऑपरेटरने सतत हाताने ती पुढे सरकवायची. शब्द काड्यापेटीतला आणि चुलीतला, काम आर्क लाइटचं. १,००० फुटांचं रीळ सेकंदाला २४ चित्रं या वेगाने ११ मिनिटांत संपतं. तेवढ्यात दुसऱ्या यंत्राची काडी पेटवून तयार ठेवायची. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकायचा, ती सूचना. प्रेक्षकाला तो दिसत नसे, ऑपरेटरला दुसरं काही दिसत नसे.

आणि त्या यंत्रातली एक गोष्ट मला आजही थक्क करते. पट्टी अखंड धावत नाही. ती थांबते, पुन्हा सरकते. सरकताना चित्र फराटा ओढल्यासारखं दिसू नये म्हणून प्रत्येक वेळी एक फिरती पाकळी उजेड अडवते. इतकंच नाही, एकच चित्र दोनदा दाखवायचं म्हणून मध्ये आणखी एकदा अडवते. सेकंदाला २४ चित्रं, ४८ वेळा उजेड. २४ वेळाच उजेड टाकला तर डोळ्याला पडदा फडफडताना दिसतो. हिशेब केला तर तीन तासांच्या सिनेमात आपण जवळपास दीड तास अंधारात बसलेले असतो, आणि तो अंधार आपल्याला जाणवत नाही.

मघापासून मी 'पडदा' म्हणतो आहे. हा शब्द फारसीतून आला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश केला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. ते मोठं काम होतं. तरी पडदा मराठीत राहिला, तंबू राहिला, दुर्बीण राहिली, कारण लोकांच्या हातात त्या वस्तू त्याच नावाने होत्या. आणि अरबी वाटेने आलेला एक शब्द आज मी मुद्दाम घेऊन आलो आहे. तो म्हणजे कंदील.

उजेड मोजण्याच्या एककाला जगभर 'कँडेला' म्हणतात. टीव्हीच्या खोक्यावर 'निट्स' लिहिलेलं असतं ना, ५०० निट्स, १,००० निट्स? एक निट म्हणजे चौरस मीटरमागे एक कँडेला. कँडेला हा लॅटिन शब्द, अर्थ मेणबत्ती. तोच ग्रीक वाटेने अरबीत गेला, तिथे किंदील झाला, आणि तिथून आपल्याकडे कंदील होऊन आला. दिवाळीत आपण दाराशी आकाशकंदील टांगतो, आणि शोरूममधला विक्रेता आपल्याला कँडेला ऐकवून गप्प करतो. शब्द एकच आहे! परका शब्द म्हणून आपण ज्याला बिचकतो तो आपल्या ओसरीवर शेकडो वर्षं लटकतो आहे. एवढं कळल्यावर ५०० निट्सचा पडदा म्हणजे काय ते मनात उभं राहतं : प्रत्येक चौरस मीटरमागे पाचशे कंदील.

लुमेन हाही असाच उजेड मोजायचा शब्द, पण तो दिव्यातून एकंदर किती उजेड बाहेर पडतो ते सांगतो. एक कँडेलाची मेणबत्ती चहूकडे सारखीच उजळते असं धरलं तर तिचा सगळा उजेड मिळून साडेबारा लुमेनच्या आसपास होतो. म्हणजे ३,००० लुमेनचा प्रोजेक्टर हा अडीचशेच्या जवळपास मेणबत्त्यांचा उजेड एका भिंगातून सोडतो. तो उजेड किती जागेवर पसरतो यावर पुढचं सगळं अवलंबून. सहा चौरस मीटरच्या पडद्यावर तो पसरला तर प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला ५०० लुमेन येतात. याला 'लक्स' म्हणतात. पडदा लांबीरुंदीला दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि वाट्याला उरतात १२५. भाकरी तेवढीच, खाणारे चौपट.

हे न कळल्यामुळे काय होतं ते मी एका शाळेत पाहिलं. पालकांनी वर्गणी काढून मुलांसाठी प्रोजेक्टर घेतला. खोक्यावर लुमेनचा आकडा भलामोठा होता, आणि बाजूला '१०८०पी सपोर्ट' असं लिहिलेलं होतं. वर्गाला तीन बाजूंनी खिडक्या. यंत्र लावलं आणि भिंतीवर नकाशाची नुसती सावली दिसली, अक्षरं तर लागतच नव्हती. मला बोलावलं तेव्हा मुख्याध्यापक बाई रडवेल्या झाल्या होत्या. मी पाहिलं तर आकडा पडद्यावर पडणाऱ्या उजेडाचा नव्हताच. तो आतल्या दिव्याचा होता, भिंगापर्यंत पोहोचण्याआधीचा. पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढायची एक मान्य पद्धत आहे. तिने मोजलेल्या आकड्याला 'एएनएसआय लुमेन' किंवा 'आयएसओ लुमेन' म्हणतात. तो शब्द खोक्यावर कुठेच नव्हता. आणि 'सपोर्ट' या शब्दाचा अर्थ एवढाच होता की बारीक चित्र पाठवलं तर यंत्र ते स्वीकारेल. दाखवताना ते आपल्याजवळच्या ८०० बाय ४८० ठिपक्यांतच कोंबून दाखवणार. बाईंनी मला विचारलं, "सर, हे मराठीत लिहिलेलं असतं तर आम्ही फसलो असतो का?" मी तेव्हा गप्प राहिलो. आज उत्तर देतो. मराठीत नुसतं लिहून भागलं नसतं. लुमेनला एखादा जड तत्सम शब्द दिला असता तरी त्या तितक्याच फसल्या असत्या. त्यांना हवं होतं ते एक मराठी वाक्य : हा आकडा भिंगाच्या अलीकडचा की पलीकडचा? एवढा प्रश्न विचारता आला असता तर वर्गणी वाचली असती.

त्या वर्गात आम्ही खिडक्यांना जाड पडदे लावले, चित्र लहान केलं, आणि नकाशा दिसू लागला. तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, प्रोजेक्टर काळा रंग कसा पाडतो?" माझ्या साऱ्या आयुष्यात याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. प्रोजेक्टर काळा रंग पाडतच नाही. त्याला फक्त उजेड फेकता येतो, अंधार फेकता येत नाही. चित्रात जिथे काळं असायला हवं तिथे तो उजेड टाकायचा थांबतो, आणि तिथे दिसतो तो आपला उघडा पडदा, पांढराच. शेजारी लख्ख उजेड असल्यामुळे आपला डोळा त्या पांढऱ्याला काळा समजतो. म्हणून खोलीत जितका बाहेरचा उजेड तितकं काळं फिकं. खोक्यावरचा 'कॉन्ट्रास्ट रेशो' हे या काळ्या-पांढऱ्यातलं अंतर सांगतो, पण तो आकडा काळोख्या खोलीत मोजलेला असतो. उघड्या खिडकीपुढे त्याला काही अर्थ उरत नाही. चित्रपटगृहात पांढऱ्या पडद्याचा उजेड ४८ निट्स धरतात. घरचा साधा टीव्हीही त्याच्या कित्येक पट झगझगीत असतो. तरी तिथलं चित्र आपल्याला भरदार वाटतं, कारण तिथे अंधार राखलेला असतो.

'थ्रो' हा शब्दही सोपा आहे, कारण आपल्या रंगभूमीने तो आधीच मराठी केला आहे. नटाच्या आवाजाची फेक. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचला पाहिजे. तशीच प्रकाशाची फेक. फेक दीड आहे म्हटलं तर एक मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर दीड मीटर लांब हवा, तीन मीटरसाठी साडेचार. खोली लहान असेल तर आखूड फेकीचा प्रोजेक्टर घ्यायचा. मी शिकवताना 'फेक' म्हणतो आणि मुलं पुन्हा विचारत नाहीत.

आता तुमच्या गावच्या हळदीकडे येतो. आगरी-कोळ्यांच्या हळदीत आता मंचामागे एलईडीची भिंत असते. बेंजोचा ठेका आणि मागे नवरानवरीचं हसतं चित्र. मी काल इथे आलो होतो. घणसोलीतल्या आणि शेजारच्या रबाळ्यातल्या ती भिंत उभारणाऱ्या मुलांशी दोन तास बोललो. त्यांचे शब्द मी लिहून घेतले. "ठिपका मेला." "लाल अडकला." "मॉड्यूल आंधळं झालं." "मोबाईलमध्ये पट्टे मारतात." पाहा, यंत्रातल्या दोषाला त्यांनी देह दिला आहे. तो मरतो, अडकतो, आंधळा होतो.

ही भिंत म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे. लाल दिवे पूर्वीच होते. निळा आणि लख्ख असा दिवा १९९३ च्या सुमारास जपानात नाकामुरांनी साधला. त्या कामासाठी २०१४ चं नोबेल त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह मिळालं. तोवर अशा दिव्यांच्या पाट्या बहुतेक लाल-पिवळ्या होत्या, त्याचं कारण हेच. आता, भिंत ठरवताना तुम्हाला 'पी थ्री', 'पी टेन' असे शब्द ऐकवले जातात. रांगोळी काढणाऱ्या बाईला हे एका वाक्यात कळेल : दोन ठिपक्यांमध्ये किती मिलिमीटर अंतर. पी टेन म्हणजे १० मिलिमीटर. तीन मीटर रुंद भिंतीत मग फक्त ३०० ठिपके आडवे बसतात. नवरीचा चेहरा तीनशे ठिपक्यांत काढायचा! ढोबळ नियम असा : जितके मिलिमीटर अंतर, निदान तितके मीटर लांबून पाहावं. अंगणात पहिली रांग मंचापासून चार मीटरवर बसणार असेल तर पी टेन घेऊ नका, पैसे वाया जातील. आणि उघड्यावर वापरायच्या भिंतीचा उजेड ५,००० निट्सच्या वर जाऊ शकतो, तो भर उन्हासाठी. रात्रीच्या मांडवात तो निम्म्याहूनही बराच खाली आणायला सांगा, पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि तान्ह्या मुलांच्या डोळ्यांसाठी. मोबाईलमध्ये पट्टे मारतात ते का? हे ठिपके सतत पेटलेले नसतात, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा विझतात आणि पेटतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. जुन्या प्रोजेक्टरची ती फिरती पाकळीच इथे वेगळ्या रूपाने आली आहे.

ठिपक्यांवरून शेवटचा मुद्दा, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आज कल्याणहून ठाण्याला उतरलो, नऊ-दहा नंबरच्या फलाटावर आलो, आणि ऐरोली, रबाळे, घणसोली असा इथे पोहोचलो. वाटेत फलाटांवर ठिपक्यांच्या पाट्या आहेत. इंग्रजी कॅपिटल अक्षर पाच ठिपके रुंद आणि सात ठिपके उंच एवढ्यात सुबक बसतं. आता तुमच्याच मार्गावरच्या एका स्टेशनचं नाव घ्या : तुर्भे. त-ला खाली उकार. भ-वर रफार, आणि रफाराशेजारी मात्रा. मधून शिरोरेषा. सात ठिपक्यांच्या उंचीत हे मावणारच नाही. उकार कापला जाईल किंवा रफार मात्रेत मिसळेल. सोळा ठिपक्यांत कसंबसं बसतं, चोवीसमध्ये श्वास घेतं. म्हणजे पाटीला किती ठिपके हवेत हा हिशेब रोमन अक्षरं पुढे ठेवून केला की मराठी त्या पाटीवर आधीच अपंग होते. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेत भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणण्याचं काम झालं तेव्हा अशा एकेका मात्रेसाठी माणसांनी डोकं शिणवलं आहे. ठिपक्यांचा आकडा ही तांत्रिक बाब खरी, पण ती मराठीचीही बाब आहे. पाटी विकत घेणाऱ्या ग्रामस्थाला, नगरसेवकाला, शाळेच्या शिक्षकाला म्हणता आलं पाहिजे, "आम्हाला 'तुर्भे' लिहून दाखवा, मग घेऊ."

महाराष्ट्र झाल्यावर १९६० सालीच भाषा संचालनालय स्थापन झालं, परिभाषा कोश निघाले. त्या कोशांतून मी स्वतः शिकलो आहे आणि त्यांचं ऋण मानतो. प्रक्षेपक, दूरचित्रवाणी हे शब्द लेखनात माझ्या कामी आले. पण कोश करणाऱ्याने तंबूत आणि मांडवातही जायला हवं. काडी, मुंग्या, फेक, ठिपका, फाकणं हे शब्द कोशाच्या पानावर लुमेन आणि कँडेलाच्या शेजारी बसले पाहिजेत, अर्थाच्या एकेका वाक्यासकट. लुमेनला लुमेनच म्हणा, त्यात कमीपणा नाही. पडदाही आपला नव्हता.

म्हणून मी एक वही आणली आहे. काल मुलांकडून घेतलेले चाळीसेक शब्द तिच्यात लिहिले आहेत, प्रत्येकापुढे दोष कसा दिसतो ते, आणि कारण. काही पानं कोरी आहेत. एका जागी मी अडलो आहे. भिंतीवर चित्र जोरात सरकत असताना मध्येच आडवं दुभंगतं. एक भाग पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो. इंग्रजीत त्याला 'टेअरिंग' म्हणतात. कालच्या मुलांपैकी एक म्हणाला "फाटतं", दुसरा म्हणाला "नाही, सांधा सुटतो", आणि त्यावर दोघांचं बराच वेळ जुंपलं. मला दुसरा जास्त बरोबर वाटतो, कारण चित्राचा तुकडा कुठे जात नाही, तो नुसता सरकतो. पण इथे सुतारकाम करणारे असतील, जाळी विणणारे असतील. कापड फाटणं, जाळं उसवणं आणि सांधा सुटणं यांतला फरक त्यांना माझ्याहून चांगला कळतो. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, पेनही आहे. जाताना तुमचा शब्द लिहून जा.